स्ट्रेप्टोकॉकसचं एम प्रथिन काढताना : नव्या हातांसाठी

गट अ स्ट्रेप्टोकॉकसचं, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनिसचं, एम प्रथिन उकळत्या आम्लात दहा मिनिटं सहज टिकतं. त्याच जिवाणूने सोडलेलं एक एन्झाइम मात्र कोमट ब्रॉथमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या द्रवात, रातोरात त्याचा फडशा पाडतं. पुढची बहुतेक सगळी खबरदारी या एका विसंगतीतून येते. नव्याने शिकणारे आम्ल, उकळणं आणि सेंट्रिफ्यूज यांनाच घाबरतात, कारण ते दिसायला धोक्याचं असतं. प्रत्यक्षात अर्क फसतो तो बहुधा आदल्या रात्री, इन्क्युबेटरमध्ये.

हे प्रथिन जिवाणूच्या भिंतीतून केसांसारखं बाहेर आलेलं असतं. त्याचं एक टोक भिंतीत रोवलेलं असतं आणि दुसरं, बाहेरचं टोक स्ट्रेननुसार, म्हणजे जिवाणूच्या वाणानुसार, बदलतं. या बदलत्या टोकावरूनच एम १, एम ३, एम १२ असे प्रकार ठरतात. जिवाणूशास्त्रज्ञ रिबेका लान्सफील्ड यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये गरम आम्लाने हे प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंडं ज्याला ओळखून चिकटतात तो पदार्थ, सोडवून घेण्याची पद्धत बसवली आणि १९२८ मध्ये त्यावरचे शोधनिबंध छापून आले. ‘एम’ हे अक्षर ‘मॅट’ या शब्दातून आलं आहे, कारण हे प्रथिन भरपूर असलेल्या स्ट्रेनच्या वसाहती प्लेटवर मंद, खरबरीत दिसत. आम्लाने निघतं ते अखंड प्रथिन नव्हे, त्याचे लहानमोठे तुकडे निघतात. टायपिंगला, म्हणजे अँटिसिरमने (त्या-त्या प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडं असलेल्या सिरमने) स्ट्रेनचा प्रकार ओळखायला, ते पुरतात. अखंड प्रथिन हवं असेल तर ही पद्धत तुमच्या कामाची नाही.

आधी स्ट्रेन तपासा

मेंढीच्या रक्ताच्या अगारवर स्ट्रेन विलग करून घ्या. रक्तपेढीतलं मुदत संपलेलं मानवी रक्त वापरायचा मोह टाळा. त्यात स्ट्रेप्टोकॉकसविरुद्धची प्रतिपिंडं असू शकतात, रक्तदात्याने घेतलेल्या अँटिबायोटिकचा अंश असू शकतो, आणि हिमोलायसिसही (तांबड्या पेशी फुटणं) नीट वाचता येत नाही. वसाहतीभोवती स्वच्छ बीटा हिमोलायसिस (पूर्ण पारदर्शक वलय), ०.०४ युनिटच्या बॅसिट्रॅसिन या अँटिबायोटिकच्या डिस्कला संवेदनशीलता आणि पायर ही एन्झाइमची चाचणी पॉझिटिव्ह, एवढं जुळलं की पुढे जा.

वसाहती तिरप्या उजेडात बघायची सवय लावून घ्या. मॅट किंवा म्युकॉइड, म्हणजे पाण्याच्या थेंबासारखी फुगलेली वसाहत दिसली तर आशा ठेवायला हरकत नाही. लहान, गुळगुळीत, चकचकीत वसाहतींत एम प्रथिन बहुधा कमी असतं. प्रयोगशाळेत पुनःपुन्हा सबकल्चर केलेला स्ट्रेन एम प्रथिन बनवणं हळूहळू कमी करतो. म्हणून रोजच्या स्लँटवरून (नळीतल्या तिरक्या अगारवरच्या कल्चरवरून) कधीही सुरुवात करू नका, पहिल्या विलगीकरणानंतर लगेच गोठवलेल्या स्टॉकवरून करा. स्टॉक ठेवायचा तो टॉड-ह्यूइट ब्रॉथमध्ये १५ ते २० टक्के ग्लिसरॉल घालून, उणे ७० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली.

लागणारी द्रावणं

आम्ल आणि अल्कली स्वतः बनवा आणि बाटलीवर तारीख घाला.

आम्ल: ०.२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, ०.८५ टक्के सलाइनमध्ये. बाजारातलं ३७ टक्क्यांचं आम्ल साधारण १२ नॉर्मल असतं. ०.८५ ग्रॅम मीठ सुमारे ९० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, त्यात १.६७ मिली आम्ल सावकाश घाला आणि १०० मिलीपर्यंत पाणी भरा. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही. हे काम फ्यूम हूडखालीच करा.

अल्कली: ०.२ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे १०० मिलीला ०.८ ग्रॅम. हे मात्र साध्या डिस्टिल्ड पाण्यात करायचं. सलाइनमध्ये का नाही, असा प्रश्न पडायला हवा. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात तेव्हा मीठच तयार होतं. सलाइनमधलं आम्ल आणि पाण्यातली अल्कली समप्रमाणात मिसळली की शेवटी मिठाचं प्रमाण जवळपास १ टक्का येतं, ते अँटिसिरमला मानवतं. दोन्ही सलाइनमध्ये केलं तर ते १.४ टक्क्यांच्या वर जातं. प्रेसिपिटिनची, म्हणजे प्रतिजन आणि प्रतिपिंडं मिळून गाळ धरण्याची, अभिक्रिया मिठाच्या प्रमाणाबाबत चोखंदळ असते, म्हणून एवढा हिशोब.

दर्शक: ०.०१ टक्के फिनॉल रेड. हे नुसत्या पाण्यात सहज विरघळत नाही. अल्कलीचे दोन-चार थेंब टाकून विरघळवा, मग पाणी घाला. ६.८ पीएचखाली ते पिवळं, ८.२ च्या वर गडद गुलाबी आणि मधे नारिंगी-लालसर दिसतं.

ब्रॉथ: टॉड-ह्यूइटच. हे १९३२ चं माध्यम या कामासाठी अजूनही बदलावं लागलेलं नाही, आणि त्याचं कारण त्याच्या घटकांत आहे. लिटरला जेमतेम २ ग्रॅम ग्लुकोज आणि सोबत २.५ ग्रॅम सोडियम कार्बोनेट. म्हणजे जिवाणू आम्ल कमी करतो, आणि केलेलं आम्ल कार्बोनेट शोषून घेतं.

याशिवाय सुमारे १.२ ते १.५ मिमी बाहेरचा व्यास असलेल्या, दोन्ही टोकं उघड्या असलेल्या काचेच्या केशनळ्या, त्या उभ्या करायला प्लॅस्टिसिनची पट्टी, घट्ट झाकणाच्या सेंट्रिफ्यूज नळ्या, उकळत्या पाण्याचा बाथ, भिंग, आणि गट अ व प्रकारांची अँटिसिरा. सोबत साधं, लस न टोचलेल्या सशाचं सिरम हवंच. ते नसेल तर ते मिळेपर्यंत काम थांबवा.

रात्रीचं कल्चर

एका वसाहतीतून ५ मिली ब्रॉथ लावा. तो सहा-आठ तासांत गढूळ झाला की ४० मिली कोमट ब्रॉथमध्ये ओता आणि ३७ अंशांवर रात्रभर ठेवा. हलवायची गरज नाही. १६ ते १८ तास पुरे.

सुरुवातीला ज्या एन्झाइमचा उल्लेख केला, ते स्ट्रेप्टोकॉकसचं सिस्टीन प्रोटिनेज, म्हणजे स्पे-बी. ते आधी निष्क्रिय रूपात बाहेर पडतं आणि माध्यम आम्लधर्मी व्हायला लागलं, जिवाणूंची वाढ मंदावली, की मोठ्या प्रमाणात तयार होऊन सक्रिय होतं. सक्रिय झालं की पहिला बळी एम प्रथिनाचा. म्हणून ब्रॉथमध्ये जास्तीचं ग्लुकोज घालू नका. ‘वाढ चांगली यावी’ म्हणून घातलेलं एक टक्का ग्लुकोज पेलेट, म्हणजे तळाशी बसणारा पेशींचा गोळा, जाड करतं आणि एम प्रथिन संपवतं. सिस्टीन किंवा थायोग्लायकोलेट असलेली माध्यमंही टाळा, ती याच एन्झाइमला धार लावतात.

सकाळी कल्चर काढल्यावर पहिलं काम म्हणजे एक थेंब पीएच पट्टीवर टाकून बघा. ६.५ च्या खाली गेलं असेल तर तो कल्चर टाकून नव्याने लावलेला बरा. पीएच ठीक असेल तर लगेच सेंट्रिफ्यूज करा. दुपारपर्यंत बाकावर पडलेला कल्चर दिसायला सकाळसारखाच असतो, आतलं प्रथिन मात्र तासातासाने घटत असतं. एखादा स्ट्रेन स्पे-बी फारच बनवत असेल तर ब्रॉथमध्ये ई-६४ हे सिस्टीन प्रोटिनेज रोखणारं रसायन १० मायक्रोमोलर प्रमाणात घालता येतं. ते महाग आहे, पण अडलेल्या स्ट्रेनसाठी ते वापरणं वावगं नाही.

पुढे जाण्याआधी लूपभर कल्चर पुन्हा रक्त अगारवर ओढून ठेवा. उद्या निकाल विचित्र आला, तर मिश्रण होतं की नव्हतं याचं उत्तर ही प्लेट देते.

गोळा करणं

झाकणबंद बकेटमध्ये, सुमारे १५०० ते २००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला जोर) वर २० ते ३० मिनिटं फिरवा. झाकण उघडायचं ते बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये. गट अ स्ट्रेप्टोकॉकस दुसऱ्या सुरक्षा पातळीचा जिवाणू आहे, आणि फिरवलेल्या नळीचं झाकण उघडताना उडणारे बारीक तुषार डोळ्यांना दिसत नाहीत.

४० मिलीतून मिळणारा पेलेट साधारण ज्वारीच्या दोन-तीन दाण्यांएवढा असतो. त्यापेक्षा फारच कमी असेल तर उगाच पुढे जाऊ नका, आणखी ४० मिली लावा आणि दोन्ही एकत्र करा.

वरचा ब्रॉथ ओतून टाका. मग नळी पालथी करून दोन मिनिटं टिश्यूवर उभी ठेवा आणि आतल्या भिंतीवरचे थेंब टिपून घ्या. टिपलेले टिश्यू आणि ओतलेला ब्रॉथ जंतुनाशकात जातील. हे टिपणं क्षुल्लक वाटतं, म्हणून हिशोब मांडतो. आपण आम्ल घालणार आहोत फक्त ०.३ मिली. नळीत अर्धा मिली ब्रॉथ उरला असेल तर ०.२ नॉर्मलचं आम्ल नुसत्या पातळ होण्यानेच ०.०७५ नॉर्मलवर येतं, आणि ब्रॉथमधलं कार्बोनेट व फॉस्फेट जे खातील ते वेगळंच. असं अर्धमेलं आम्ल दहा मिनिटं उकळलं तरी हाती फारसं लागत नाही.

कॅप्सूल, म्हणजे पेशीभोवतीचं आवरण, जाड असलेल्या स्ट्रेनचा पेलेट घट्ट बसत नाही, ओतताना शेवाळासारखा घसरतो. एम १८ चे स्ट्रेन यासाठी कुप्रसिद्ध आहेत. अशा वेळी ब्रॉथ ओतू नका, पिपेटने वरून हळूहळू काढा, किंवा हायल्युरोनिडेज घालून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा आणि पुन्हा फिरवा. कॅप्सूल हायल्युरोनिक आम्लाचीच असल्याने ती विरघळते आणि पेलेट बसतो. उलट एम ४ आणि एम २२ यांना कॅप्सूल बनवायचे जनुकच नसतात, त्यांचा पेलेट पहिल्या फेरीतच टणक बसतो.

आम्ल आणि उकळणं

पेलेटवर ०.३ ते ०.४ मिली आम्ल घाला. पिपेटने वर-खाली करून गुठळ्या पूर्ण मोडा आणि द्रावण लहान नळीत घ्या. पीएच पट्टीवर सूक्ष्म थेंब लावून बघा, २ ते २.५ यायला हवा. वर असेल तर आम्लाचे आणखी एक-दोन थेंब. जास्त आम्ल घालून ‘खात्री’ करू नका, पुढे तेवढीच अल्कली लागेल आणि अर्क पातळ होईल.

नळी उकळत्या पाण्यात १० मिनिटं ठेवा. बाथमधलं पाणी नळीतल्या द्रावणाच्या वर असलं पाहिजे. दर दोन मिनिटांनी नळी हलवा, कारण पेशी तळाला बसतात आणि वरचं आम्ल त्यांना लागत नाही. झाकण सैल ठेवा, घट्ट बसवलेलं उडतं. वेळ मोजायची ती पाणी पुन्हा खळखळायला लागल्यापासून. थंडगार नळ्यांचा पूर्ण रॅक बुडवला की उकळी काही वेळ बसते, हे लक्षात असू द्या. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, त्याने काही बिघडत नाही. कोरड्या हीट ब्लॉकवर काम करणार असाल तर मात्र खाचांमध्ये थोडं पाणी घाला, नाहीतर नळी आणि धातू यांच्यातली हवा उष्णता अडवते.

दहा मिनिटांचं पंधरा करू नका. एम प्रथिनाचे तुकडे आम्लात टिकतात, पण कायमचे नाहीत. उकळणं लांबलं की ते आणखी बारीक होतात आणि मग प्रतिपिंडांना जाळं विणायला पुरेसा धागा उरत नाही. पाच मिनिटं तर कमीच पडतात.

नळी थंड पाण्यात धरा, मग ३००० जी वर १० मिनिटं फिरवा. वरचा द्राव नव्या नळीत घ्या. तळाशी राहिलेल्या मृत पेशी टाकून द्यायच्या. या टप्प्यावर जिवाणू मेलेले असतात, तरी कचरा ऑटोक्लेव्हलाच जाईल.

निष्प्रभ करणं, सगळ्यात हळू हाताने

संपूर्ण पद्धतीत घाई सगळ्यात महाग पडते ती इथे. द्रावात फिनॉल रेडचा एक थेंब टाका, पिवळा रंग येईल. आता अल्कली थेंबथेंब घाला आणि प्रत्येक थेंबानंतर हलवा. सुरुवातीला काहीच होत नाही. मग थेंब पडतो तिथे गुलाबी ढग उमटतो आणि हलवताच विरतो. तो विरायला वेळ लागू लागला की थेंबाऐवजी पिपेटच्या टोकाचा नुसता स्पर्श करा. अर्क फिकट नारिंगी-लालसर झाला, म्हणजे पीएच ७ ते ७.४ च्या दरम्यान आला, की थांबा. गडद गुलाबी दिसला तर पुढे गेलात. तेव्हा आम्लाचा एक बारीक थेंब घालून परत आणता येतं, पण असं दोन-तीनदा पुढे-मागे झालं तर अर्क पातळ आणि खारट होतो. तो टाकून देणंच इष्ट.

बरोबर केलं तर अल्कली जवळपास आम्लाएवढीच लागते. म्हणजे अर्क निम्म्याने पातळ होतो, हे गृहीतच धरलेलं आहे. काही जण आकारमान वाचवायला १ नॉर्मल अल्कली वापरतात. त्यात मिठाचं प्रमाण सुमारे १.७ टक्क्यांवर जातं आणि एका थेंबाने पीएच उडी मारतो. नव्या हातांनी त्या वाटेला जाऊ नये.

निष्प्रभ होताना द्रावात बारीक गाळ धरतो, तो अपेक्षितच आहे. पुन्हा फिरवा, शक्य असेल तर १०,००० जी वर १० मिनिटं. निवळलेला, काचेसारखा स्वच्छ द्राव हाच तुमचा अर्क. तो किंचितही धुरकट असेल तर वापरू नका, कारण केशनळीत तुम्ही धूसरपणाच वाचणार आहात. मेम्ब्रेन फिल्टर टाळा, इतक्या कमी द्रावातलं प्रथिन पडद्यालाच चिकटून जातं. लगेच वापरायचा अर्क ४ अंशांवर, बाकीचा छोट्या भागांत उणे २० वर. पुनःपुन्हा वितळवून गोठवू नका.

केशनळीतली चाचणी

नळी आधी अँटिसिरममध्ये बुडवा, सुमारे १ सेंमी सिरम आपोआप वर चढेल. बाहेरून टिश्यूने पुसा. मग तेच टोक अर्कात बुडवा आणि तेवढाच अर्क चढू द्या. दोहोंच्या मधे हवेचा बुडबुडा आला तर ती नळी फेका, दुरुस्त करत बसू नका. पुन्हा पुसा, नळी उलटी करा म्हणजे जड सिरम खाली आणि हलका अर्क वर राहील, आणि प्लॅस्टिसिनमध्ये उभी रोवा. द्राव प्लॅस्टिसिनला टेकता कामा नये, मधे हवा राहू द्या. नळी बोटांनी मधे धरू नका. बोटाचा तेलकट ठसा भिंगाखाली अगदी अस्सल पांढऱ्या रेषेसारखा दिसतो, आणि नव्या माणसाचा पहिला ‘पॉझिटिव्ह’ बऱ्याचदा तोच असतो. केशनळ्या मोडतात आणि बोटात घुसतात. रोवताना टोकाजवळ धरा, ढकलू नका.

पहिली नळी नेहमी गट अ च्या सिरमची. आम्लाने एम प्रथिनासोबत भिंतीतलं गट-कर्बोदकही (ज्यावरून गट ठरतो ते) निघतं, आणि ते फार टिकाऊ असतं. काळ्या पार्श्वभूमीवर, बाजूने तीव्र उजेड टाकून बघा. चांगल्या अर्कात पाच मिनिटांत सीमेवर पांढरी चकती उमटते. गटाचा निकाल अर्ध्या तासाच्या आत वाचायचा, त्यानंतर उमटलेली धूसर रेषा गटाची म्हणून लिहू नका.

एमच्या नळ्या ३७ अंशांवर दोन तास ठेवा आणि वाचा, मग रात्रभर ४ अंशांवर ठेवून पुन्हा वाचा. एम प्रथिनाचं जाळं सावकाश विणलं जातं. प्रत्येक वेळी तीन नळ्या सोबत हव्यात: माहीत असलेल्या प्रकाराचा अर्क आणि त्याचं सिरम, तुमचा अर्क आणि साध्या सशाचं सिरम, आणि नुसतं आम्ल-अल्कली मिसळून निष्प्रभ केलेला द्राव आणि सिरम. तिसरी नळी पांढरी झाली तर तुमचं पीएच चुकलं आहे, जिवाणूचा संबंध नाही.

कुठली एम सिरा लावायची? सगळी लावणं परवडत नाही, सिरम अतिशय मोलाचं असतं. इथे टी टायपिंग उपयोगी पडतं. जिवाणूशास्त्रज्ञ फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९३४ मध्ये मांडलेली ही स्लाइडवरची चाचणी आहे. टी हेही पृष्ठभागावरचंच प्रथिन, पण त्याचा स्वभाव एमच्या बरोबर उलटा: गरम आम्लात नष्ट होतं, ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमला दाद देत नाही. म्हणून त्यासाठी वेगळा कल्चर ३० अंशांवर वाढवतात, पेशींना ट्रिप्सिन देऊन एम प्रथिन कापून टाकतात आणि एकजीव द्रावाचा थेंब टी, यू, डब्ल्यू, एक्स, वाय या पाच मिश्र सिरांत मिसळतात. एका मिनिटात गोळे धरले की त्या मिश्रणातली एकेक सिरा तपासायची. सलाइनमध्येही गोळे धरत असतील तर स्ट्रेन आपोआप गुठळतो आहे, चाचणी बाद. टी १ आला तर आधी एम १ बघा, टी २८ आला तर एम २८, टी ३/१३/बी३२६४ आला तर एम ३ आणि एम १३ पासून सुरुवात करा. यादी लांब असते, पण अंधारात चाचपडण्यापेक्षा खूप बरी.

बिघडलं तर कुठे बघायचं

गटाची चकती ठसठशीत, एमची एकही नाही: उकळण्यात दोष नाही, नाहीतर कर्बोदकही आलं नसतं. एम प्रथिन आम्लाआधीच गेलं आहे, किंवा त्या प्रकाराचं सिरम तुमच्याकडे नाही. आधी गोठवलेल्या मूळ स्टॉकवरून, पीएचवर लक्ष ठेवून, एकदा पुन्हा करा. तरीही काहीच नाही आलं तर ‘टाइप न झालेला’ असं प्रामाणिकपणे लिहा. भारतात एकाच भागातून गोळा केलेल्या स्ट्रेनमध्ये प्रकारांची विविधता खूप मोठी असते आणि पाश्चात्त्य देशांत बनलेल्या सिरांच्या संचात त्यातले अनेक नसतात. हा तुमचा दोष नव्हे.

गट आणि एम दोन्ही फिकट: पेशी कमी होत्या, आम्ल पातळ झालं, किंवा अर्कात अल्कलीची भर पडत गेली.

सगळ्याच सिरांत, साध्या सशाच्या सिरममध्येही पांढरं: अर्क अजून आम्लधर्मी आहे आणि सिरममधली प्रथिनं साकळत आहेत. पीएच बघा. पीएच ठीक असेल तर अर्क धुरकट होता.

दोन-तीन एम सिरांत एकदम रेषा: एमचे प्रकार एकमेकांशी थोडेफार मिळतेजुळते असतात, शिवाय नको ती प्रतिपिंडं नीट शोषून न काढलेल्या सिरममध्ये गटाविरुद्धची प्रतिपिंडं राहतात. इथे एक टक्का अगारमध्ये खड्डे पाडून दुहेरी प्रसरण करा. मधल्या खड्ड्यात अर्क, भोवती संशयित सिरा, शेजारी ओळखीच्या प्रकाराचा अर्क. ओळखीच्या अर्काच्या रेषेला तुमच्या अर्काची रेषा सलग जाऊन मिळाली तर प्रकार तोच. एक रेषा दुसरीवरून शेपटीसारखी पुढे गेली, तर साम्य अर्धवट आहे.

रेषा प्रथिनाची की कर्बोदकाची, अशी शंका असेल तर अर्काचा एक भाग पीएच ८ वर आणून ट्रिप्सिनसोबत ३७ अंशांवर तासभर ठेवा, मग सोयाबीनचं ट्रिप्सिन इन्हिबिटर घाला. हे इन्हिबिटर विसरलात तर ट्रिप्सिन तुमच्या सिरममधली प्रतिपिंडंही कापायला लागेल. रेषा नाहीशी झाली तर ती एमची. तशीच राहिली तर कर्बोदकाची.

घोड्याच्या सिरमला गढूळ करणारे, म्हणजे ओपॅसिटी फॅक्टर पॉझिटिव्ह स्ट्रेन (उदाहरणार्थ २, ४, ११, २२, २८, ४९) एमच्या चाचणीत हटकून मंद उत्तर देतात, कारण त्यांच्याविरुद्ध सशांमध्ये ताकदीचं सिरम तयार होणंच अवघड असतं. त्यांच्याकडून एम १ किंवा एम १२ सारख्या ठळक चकतीची अपेक्षा धरू नका.

गट ब वर हीच पद्धत वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. त्या जिवाणूची काही पृष्ठ प्रथिनं आणि गट-कर्बोदक आम्लाने निघतं, पण कॅप्सूलच्या कर्बोदकावरचं सायलिक आम्ल गरम आम्लात गळून पडतं. प्रकार कॅप्सूलवरून ठरवायचा असेल तर हा अर्क अपुरा.

जनुक वाचता येत असताना हे कशाला

१९९६ पासून ईएमएम जनुकाचा, म्हणजे एम प्रथिन बनवणाऱ्या जनुकाचा, सुरुवातीचा भाग पीसीआरने वाढवून त्याचा अनुक्रम वाचण्याची रीत रुळली आणि आज दोनशेहून अधिक ईएमएम प्रकार नोंदले गेले आहेत. नवीन प्रयोगशाळेने नियमित टायपिंगसाठी तीच निवडावी. तिला सिरम लागत नाही आणि एम प्रथिन हरवलेला स्ट्रेनही तिच्यात सापडतो. मात्र जनुक असणं आणि प्रथिन पृष्ठभागावर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लसीच्या कामात, प्रतिपिंडांच्या अभ्यासात, किंवा एखादा स्ट्रेन चकचकीत का झाला हे शोधताना प्रथिन खरोखर आहे का तेच विचारायचं असतं. तेव्हा हा अर्क लागतो.

नोंदवहीत प्रत्येक अर्कासमोर एवढं लिहा: स्टॉकचा क्रमांक आणि कितवं सबकल्चर, ब्रॉथचा लॉट, काढताना कल्चरचा पीएच, घातलेलं आम्ल आणि लागलेली अल्कली मिलीमध्ये, गटाची चकती किती मिनिटांत आली, दोन तासांचं आणि रात्रीनंतरचं वाचन वेगवेगळं, तिन्ही नियंत्रण नळ्यांचा निकाल. अल्कली आम्लापेक्षा बरीच कमी किंवा जास्त लागलेली दिसली, तर त्या अर्काचा निकाल पक्का धरण्याआधी अर्क नव्याने काढा.